दि. ३०/९/९३ रोजी सकाळी अकरा वाजता

मी एका कंपनीची संचालक आहे, ही गोष्ट मला पहिल्यांदा बेलिफाकडून कळली.

दुपारचे बारा वाजले होते. माझ्या एका कडेवर भार्गवी आणि दुसऱ्या हातात तिची मऊ खिचडीची वाटी. दारात खाकी कपड्यांतला माणूस उभा. "संचालक कोण हायत इथं?"

"सर क्लासला गेलेत. संध्याकाळी या."

त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "राजश्री आलोक मुरुडकर. तुमीच ना? मग तुमीच संचालक. करा सही."

सहीला हात मोकळा नव्हता. शेवटी खिचडीची वाटी कोर्टाच्या प्रतिनिधीनं धरली आणि मी सही केली. मी कागद वाचत होते तोवर त्या भल्या माणसानं भार्गवीला तीन घास भरवले. हे मुद्दाम नमूद करते, कारण पुढच्या सहा महिन्यांत न्यायव्यवस्थेकडून आमच्या घराला झालेली ही एकमेव मदत.

कागदात लिहिलं होतं की 'तेजोमय ज्ञानवर्धिनी प्रायव्हेट लिमिटेड' ह्या कंपनीचे भागधारक गुरुपादप्पा सर यांनी कंपनी, आलोकसर आणि मी अशा तिघांवर दावा लावला आहे. आलोकसर म्हणजे माझे यजमान. अख्खं लातूर त्यांना सर म्हणतं, घरात मी वेगळं काय म्हणणार? ते फिजिक्स शिकवतात, गुरुपादप्पा सर केमिस्ट्री. दोघांनी मिळून क्लास काढला तेव्हा आलोकसरांचे आतेभाऊ, नांदेडचे सीए मिहिरभाऊ म्हणाले, नुसता क्लास काय काढता, कंपनी काढा. पंचेचाळीस शेअर ह्यांचे, पंचेचाळीस त्यांचे. उरले दहा. ते कुणाच्या नावावर टाकायचे ह्यावर वाद नको म्हणून माझ्या नावावर टाकले. घरात उरलेली पोळी जशी माझ्याच पानात येते, तसे ते दहा शेअर माझ्याकडे आले. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणजे आमची बाहेरची खोली.

भांडण कशावरून झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. बारावीचा निकाल लागला. वर्तमानपत्रात क्लासची पानभर जाहिरात आली. वर बोर्डात आलेली मुलं, खाली दोन्ही सरांचे फोटो. त्यात आलोकसरांचा फोटो अर्धा इंच मोठा छापला गेला. गुरुपादप्पा सर पट्टी घेऊन आमच्याकडे आले. फिजिक्सचा माणूस मोजमाप नाकारू शकत नाही, म्हणून आलोकसर वेगळंच काहीतरी बोलले. "मुलं फिजिक्ससाठी येतात."  गुरुपादप्पा सरांनी पट्टी खिशात घातली, भार्गवीच्या गालाला हात लावला आणि गेले ते थेट वकिलाकडे.

आता ह्या दाव्यातला मुद्दा असा, की कंपनीत मतभेद झाला तर शब्द कुणाचा चालणार? आलोकसर तडक नांदेडला गेले. मिहिरभाऊंनी कपाटातून कंपनीचं इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं. ते कोरं होतं. कंपनीनं दरवर्षी वार्षिक सभा घ्यायची असते म्हणे, आणि आम्ही चार वर्षांत एकदाही घेतली नव्हती. आम्हाला वाटायचं आपण रोज भेटतोच की.

"काळजी करू नको," मिहिरभाऊ म्हणाले, "पूर्ण करून देतो." आणि पहिल्या वर्षाची सूट धरून त्यांनी एका दुपारी उरलेल्या तीन वर्षांच्या सभा घेऊन टाकल्या. पहिल्याच सभेत ठराव होता: मतभेद झाल्यास आलोकसरांचा शब्द अंतिम राहील. सर्वानुमते मंजूर.

आलोकसर रजिस्टर घेऊन आले आणि बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. चार दिवसांनी कोर्टानं नेमलेला कमिशनर आला. कोवळा वकील होता, मिशी नुकतीच फुटलेली, पण पंचनामा मोठ्या गंभीरपणे लिहीत होता. 'लोखंडी कपाट एक. टेबल एक. खुर्च्या चार, पैकी मोडकी एक. भिंतीवर गणपती एक. पाळणा एक, त्यात मूल एक, झोपलेले.' मग त्यानं कपाटाच्या दोन्ही कड्यांतून सुतळी ओवली, वर लाख ओतली, पितळी शिक्का दाबला आणि आदेश वाचून दाखवला: वरील सर्व बाबी पुढील हुकुमापर्यंत 'जैसे थे' ठेवाव्यात.

दहा मिनिटांत मूल जागं झालं. कोर्टाच्या आदेशाचा आमच्या घरातला पहिला भंग तो.

त्या कपाटात कंपनीचं एक रजिस्टर आणि एक रबरी शिक्का होता. बाकी माझ्या साड्या, भार्गवीचं कानटोपरं, तिच्या लशींचं कार्ड, आणि माझ्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यांतले पाच. आमच्याकडं कपाट एकच आहे. मी कमिशनरला हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, "दरखास्त द्या, तारीख मिळंल." साडीसाठी तारीख घेतलेली मराठवाड्यातली मी पहिलीच बाई असेन, म्हणून मी गप्प बसले आणि आठवडाभर दोन साड्यांवर काढला.

शेजारच्या उमाबाईंना हे सगळं पटलं नाही. उमाबाईंनी त्यांचं सगळं घर बारावीच्या पोरांना भाड्यानं दिलंय. आधी माडी दिली, मग बाहेरची खोली, आणि यंदा नायगावच्या एका पोराला देवघरही दिलं. देव स्वयंपाकघरात फ्रिजवर आहेत. अशा बाईला कपाट बंद पडल्याचं काय कौतुक?

"लई घाबरून राहिलीस तू राजश्री," त्या म्हणाल्या. "कोर्टाच्या सीलला काय जीव ऱ्हातो का? सुतळीच तर हाय."

मी घाबरले नव्हते. घाबरायची वेळ पुढं आली.

लिंबाजीराव वकील आमचे. त्यांनी सांगितलं, वादी म्हणतो सभा झालीच नाही, आता सभा झाली असं सांगायला तिसरा भागधारक पाहिजे. तिसरा भागधारक मी. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मिहिरभाऊंकडं नांदेडला तयार होता. आलोकसरांची रिव्हिजन बॅच चालू, म्हणून मीच भार्गवीला घेऊन एस.टी.नं निघाले. चार तासांत ती तीनदा ओकली, त्यातलं एकदा कंडक्टरच्या पेटीवर. नांदेडला वजिराबादेत मिहिरभाऊंच्या ऑफिसात पोचले तेव्हा ती भुकेनं निळी झाली होती. फायलींच्या ढिगाआड स्टुलावर बसून मी तिला पदराखाली घेतलं. मिहिरभाऊ दुसरीकडं तोंड करून, हात मागं करून, एकेक कागद माझ्याकडं सरकवत होते.

"इथं. इथं. आणि इथं, वहिनी."

"काय आहे हे भाऊ?"

"काही नाही, नेहमीचं. सभा झाली, तुम्ही हजर होता."

भार्गवी पीत होती. दोन तासांत पहिल्यांदा ती शांत झाली होती. त्या क्षणी कुणी मला हैदराबाद संस्थान परत द्यायचं म्हणून सही मागितली असती तरी मी केली असती.

मिहिरभाऊंच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या कार्यालयातल्या झाडून सगळ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा एकाच दिवशी, एकाच वेळी भरतात. कायद्यानं जी शेवटची मुदत असते ती तारीख, सकाळी अकरा वाजता. जिनिंगवाले, डाळमिलवाले, बियाणंवाले सगळे त्या दिवशी अकरा वाजता जमतात, चहापान होतं, सर्वानुमते ठराव होतात, आभारप्रदर्शन होतं. ही सभा भरवायला मिहिरभाऊंना टंकलेखकाशिवाय कुणी लागत नाही. वर्ष बदलायचं फक्त.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी भार्गवीनं सील तोडलं.

तिचा दोष नाही. नऊ महिन्यांचं मूल रांगतं, आणि रांगणाऱ्या मुलाच्या नाकासमोर लोंबणारी सुतळी आणि तिच्या टोकाला लाल चकाकणारी लाख. मी पोळ्या लाटत होते. टक्‌ असा आवाज झाला. येऊन पाहते तर न्यायालयाची मोहोर भार्गवीच्या तोंडात. बोट घालून काढली. एक तुकडा कमी भरला. तिला घेऊन तशीच डॉक्टरकडं पळाले. डॉक्टर म्हणाले, लाखेनं काही होत नाही, उद्या बाहेर पडेल. मी म्हटलं, "डॉक्टर, ती कोर्टाची आहे." ते म्हणाले, "तरीपण पडेल."

आता सील तुटलंच होतं. मी प्रामाणिकपणे सांगते, मी कपाट उघडलं. भार्गवीची गोवरची लस दुसऱ्या दिवशी होती आणि कार्डाशिवाय सिस्टर देत नाहीत. मी कार्ड काढलं. समोर कानटोपरं दिसलं, ते काढलं. एक साडी काढली. रजिस्टरकडं मी पाहिलंही नाही. मग कपाट लावलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

उमाबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि पदर खोचला. "पळी आण. तुकडे आण त्ये. कोर्टात जाऊन सांगू नको बाई काही, पुन्हा आमच्या चुलत दिरावानी बावीस वर्षं तारखा करशील." त्यांनी लाख पळीत वितळवली, सुतळीवर ओतली. "आता शिक्का दाबायला काय तरी गोल दे."

डोक्यात विचार नव्हताच. पर्समधनं चार आण्याचं नाणं काढून दिलं. उमाबाईंनी ते अंगठ्यानं दाबून धरलं. लांबून हुबेहूब. जवळून मात्र, चार आण्याच्या नाण्यावर जो असतो तो गेंडा उठून आला होता. त्याचं शिंगसुद्धा.

"कोण बघतंय एवढं वाकून?" उमाबाई म्हणाल्या.

कमिशनरनं बघितलं. तीन आठवड्यांनी रजिस्टर न्यायला आला, खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं अक्षर न चुकता पंचनाम्यात लिहिलं: 'मोहोरेवर गेंडा एक.'

त्या गेंड्यानं आमची पार अब्रू घालवली. गुरुपादप्पा सरांच्या वकिलांनी त्याचा फोटो काढून वहीएवढा मोठा करून कोर्टात लावला. म्हणणं असं की आम्ही सील तोडून रजिस्टरात सभा घुसडल्या. (हे खोटं होतं. सभा आम्ही सील लावायच्या आधीच घुसडल्या होत्या.) लिंबाजीराव वकिलांनी सांगितलं, लातूरच्या उन्हात लाख मऊ होते आणि तिच्यावर निसर्गतः आकृत्या उमटू शकतात. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "गेंड्याच्या?" लिंबाजीराव म्हणाले, "कोणत्याही." मी मागच्या बाकावर डोक्यावरून पदर घेऊन बसले होते आणि भूमी दुभंगली तर बरं असं मनात म्हणत होते. आमच्या गावात हे असं मनात म्हणायची पद्धत राहिलेली नाही, तरी म्हणत होते.

साहेबांनी हुकूम केला की प्रतिज्ञापत्र करणाऱ्या बाईंना साक्षीला उभं करा.

आदल्या दिवशी लिंबाजीरावांनी माझी तयारी घेतली. "बाई, साक्षीत तपशील पाहिजे. तपशिलाशिवाय साक्ष उभी राहत नाही. चहा दिला, कुठं बसले, कोण काय बोललं. भरल्या घरातली बाई वाटली पाहिजे." आलोकसर शेजारी बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. परीक्षेला न वाचता बसणारा विद्यार्थी असा उकरतो असं तेच मला सांगायचे.

पिंजऱ्यात उभी राहिले. समोर खाली टंकलेखिका सिंधुबाई टाइपरायटरवर बोटं ठेवून. भार्गवी बाहेर व्हरांड्यात उमाबाईंजवळ. मागच्या तारखेला तिनं आत सूर लावल्यामुळं तिला आत मज्जाव होता.

गुरुपादप्पा सरांचे वकील फार गोड बोलणारे. "ताई, पहिली सभा तुमच्याच घरी झाली?"

"हो."

"तिघंही हजर?"

"हो."

"चहा दिला असेल तुम्ही."

"दिला ना. आलं घालून." लिंबाजीरावांनी मान हलवली. मला धीर आला. "चिवडाही होता. गुरुपादप्पा सरांनी दोनदा घेतला."

खालच्या बाकावरून गुरुपादप्पा सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. उत्तर येत असून चुकीचं लिहिणाऱ्या मुलीकडं मास्तर पाहतो, तसं.

"पंखा होता चालू?"

"होता की. मोठ्यावर."

"म्हणजे लाइट होती."

"होती."

"आणि तुम्ही सगळे आत, स्लॅबखाली, निवांत बसला होता."

"मग काय अंगणात बसणार का सभेला?" मी म्हटलं. कोर्टात दोघं-तिघं हसले. मी मनातल्या मनात खूश झाले, देव मला क्षमा करो.

"बरोबर. आता जरा सभेची तारीख वाचता?"

त्यांनी कागद दिला. मी वाचली. "दिनांक तीस, नऊ, त्र्याण्णव." आणि मग, आकडे शब्दांत म्हणायची सवय म्हणून, पुन्हा: "तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्या..."

टाइपरायटर थांबला होता.

आमच्याकडं त्या दिवसाला कुणी तारखेनं बोलवत नाही. भूकंपाची पहाट म्हणतात. घर भूकंपाच्या आधी बांधलं, पोरगी भूकंपानंतर दिली. गणपती बोळवून लोक झोपले आणि चार वाजायच्या आत किल्लारीकडची गावं झोपेतच गेली. तारीख म्हणून ती आम्ही कधी उच्चारली नव्हती, म्हणून ती माझ्या, सरांच्या, वकिलांच्या, सगळ्यांच्या डोळ्यांखालून सरकन गेली. नांदेडच्या ऑफिसात ती नुसती कायद्यातली शेवटची मुदत होती. आणि मी त्या सकाळी अकरा वाजता पंखा मोठ्यावर लावून गुरुपादप्पा सरांना दोनदा चिवडा वाढला होता.

सिंधुबाईंची बोटं बटणांवर तशीच होती. त्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीकडच्याच. त्यांचं कोण कोण गेलं ते मला नंतर कळलं; आकडा मी इथं लिहीत नाही. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. पुढचा शब्द कधी येतो ह्याची वाट बघत होत्या, कारण तो त्यांना टाइप करायचा होता.

"त्या दिवशी अकरा वाजता कुठं होता ताई?" वकिलांचा आवाजही उतरला होता.

"शाळेच्या मैदानात," मी म्हटलं. "सगळं गावच तिथं होतं. तीन विटांची चूल मांडून मी आणि गुरुपादप्पा सरांच्या शिल्पावहिनी भाकरी थापत होतो. दुपारपर्यंत माझ्या हातांना फोड आले. सर आणि गुरुपादप्पा सर एकाच टेम्पोनं भाकरी घेऊन किल्लारीकडं गेले. तिसऱ्या दिवशी आले. दोघांची नखं गेली होती. दोघांनी एका तांब्यानं पाणी पिलं. पुढं दोन महिने आम्ही कुणी स्लॅबखाली बसलो नाही."

"आणि सभा?"

"न्हाई झाली." मी घरात सगळ्यांचं 'न्हाई' दुरुस्त करते. "कुठलीच न्हाई झाली."

साहेबांनी विचारलं, "मग बाई, हे प्रतिज्ञापत्र?"

"सही माझी आहे. वाचलं नव्हतं. पण चहाचं आणि चिवड्याचं कुणी सांगितलं नव्हतं, ते आत्ता मी मनानं घातलं." लिंबाजीरावांनी डोळे मिटून घेतले होते. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि साहेब, गेंडाही माझाच आहे. लस द्यायची होती."

सिंधुबाईंनी हे सगळं टाइप केलं. गेंडा लिहिताना एकदा खोडलं आणि पुन्हा नीट केलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. दोन गुन्हे डोक्यावर: कोर्टाचा अवमान आणि शपथेवर खोटं. शिक्षेची तारीख पडली. उमाबाईंच्या देवघरातला नायगावचा पोरगा वकिली शिकणाऱ्या मामाला विचारून आला: सात वर्षं. माडीवरच्या पोरांनी सांगितलं, तीन महिने. पोरं पाणी भरायला आली की आमच्या टाकीशी ह्यावर मतमोजणी चालायची. उमाबाई पळीचं नाव काढू नको एवढंच सांगायला दिवसातनं चारदा येत, आणि जाताना म्हणत, "फिकर करू नको, पिणारं लेकरू संग नेता येतंय म्हणं जेलात. दूध बी देतेत."

मी रात्रंदिवस हेच मोजत होते. तीन महिन्यांत भार्गवी उभी राहील. दोन पावलं टाकेल. ती कुणाकडं टाकेल? बाटली ती घेत नाही, वाटीचमच्यानं दिलं तर फुर्रर करून उडवते. तिला दूध तोडायला हवं असं सगळ्यांचं मत पडलं, आणि मी दोनदा मनाशी ठरवलं, दोनदा तिनं झोपेत नुसतं तोंड शोधलं आणि माझा निर्धार गळाला. हे मी आत्ताही घाईनं लिहिते आहे. ती कूस बदलते आहे.

हदगावहून अण्णांचं कार्ड आलं. माझे वडील अनंतराव, निवृत्त हेडमास्तर. 'चि. राजश्रीस आशीर्वाद. वर्तमानपत्रात वाचले. खोटे बोललीस ते बरे केले नाहीस. नंतर खरे बोललीस ते ठीक. दोन्ही एकाच दिवशी करण्याचे कारण नव्हते. भार्गवीस वाफारा देत जाणे.' मी ते कार्ड वाचून इतकी रडले की तिला वाफारा द्यायची वेगळी गरज पडली नसती.

आलोकसर ह्या दिवसांत फार चांगले वागले, म्हणजे काहीच बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "राजू, तुझ्याऐवजी मी जातो म्हणून सांगू का साहेबांना?" मी म्हटलं, "अहो, तुमच्यावरही आहेच की." ते म्हणाले, "हो. ते आहेच." 

शिक्षेच्या दिवशी मी पिशवी भरून नेली. चार झबली, दुपटं, वाटी, ग्राइप वॉटर. माझं काही घेतलं नव्हतं हे कोर्टात गेल्यावर लक्षात आलं. उमाबाईंना त्या दिवशी नेमकं मुरुडला लग्न निघालं, त्यामुळं भार्गवीला व्हरांड्यात आलोकसरांनी घ्यायचं ठरलं. पण पुकारा झाला तो आधी त्यांचाच. ते गडबडले, इकडंतिकडं पाहिलं, आणि शेजारी उभ्या माणसाच्या हातात पोर देऊन आत पळाले. ते शेजारचे म्हणजे गुरुपादप्पा सर. दावा लावल्यापासून दोघं एकमेकांशी शब्द बोलले नव्हते, आणि आताही बोलले नाहीत.

साहेबांनी वाचून दाखवलं. रजिस्टरातल्या तिन्ही सभा रद्द. आलोकसरांना दंड आणि वादीचा खर्च. मिहिरभाऊंच्या विरुद्ध त्यांच्या संस्थेकडं लिहिण्याचा हुकूम. मग माझं नाव आलं.  "बाईंनी शपथेवर खोटं सांगितलं, न्यायालयाची मोहोर तोडली, आणि बनावट मोहोर लावली, तीही प्राण्याची. न्यायालयाची चेष्टा होऊ द्यायची नसेल तर शिक्षा दिलीच पाहिजे. मात्र विचारलं नव्हतं तेही त्यांनी खरं सांगितलं, हे न्यायालय विसरत नाही." साहेबांनी पान उलटलं. ते पान उलटायला सात वर्षं लागली. "पाचशे रुपये दंड, आणि आज न्यायालय उठेपर्यंत कैद."

मला कळेना. पट्टेवाल्यानं कोपऱ्यातलं बाक दाखवलं. "बसा तिथं. साडेपाचला सुटाल."

मी बसले. पुढची केस पुकारली गेली. बांधाची होती. मग एक पोटगीची. वर पंखा होता, त्याच्याकडं बघायला मला नको वाटत होतं. सिंधुबाई टाइप करत होत्या. मधल्या वेळात त्या उठल्या, माठातलं पाणी घेतलं आणि पेला माझ्याजवळ आणून ठेवला. मी वर पाहिलं. त्या परत जाऊन बसल्याही होत्या. माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, ते पाणी पिऊन मिटलं. कैद्याला बोलायची परवानगी आहे का तेही मला ठाऊक नव्हतं.

तीन वाजता माझा पदर ओला झाला. तिच्या प्यायच्या वेळेला अंगाला घड्याळ लागत नाही. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. गुरुपादप्पा सर भार्गवीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि तिच्या पाठीवर थापटत मूलद्रव्यं म्हणत होते, हायड्रोजनपासून. कॅल्शियमपर्यंत गेले की पुन्हा हायड्रोजन. दुसऱ्या टोकाला आलोकसर उभे. थोड्या वेळानं गुरुपादप्पा सर चालत त्या टोकाला गेले, न बोलता पोर त्यांच्या हातात दिली आणि परत आले. दहा मिनिटांनी आलोकसर इकडं आले, न बोलता परत दिली. असं चाललं होतं. ती रडत असावी. काचेतून नुसतं तोंड उघडलेलं दिसायचं. चौदा पावलांवर होती, मी मोजली होती, आणि मला उठता येत नव्हतं. सात वर्षांची शिक्षा कशी असेल ते त्या अडीच तासांत मला पुरेपूर कळलं.

साडेपाचला साहेब उठले. पट्टेवाला म्हणाला, "जावा बाई आता."

मी धावतच व्हरांड्यात आले. दोघं सर एकदमच पुढं झाले. भार्गवी मधोमध, डोळे सुजलेले, गुरुपादप्पा सरांच्या शर्टाची गुंडी तोंडात.

"अजिबात रडली नाही," आलोकसर म्हणाले. "तासभर झोपली माझ्याजवळ."

"काय बोलून राहिले हे!" गुरुपादप्पा सर माझ्याकडं बघत म्हणाले, त्यांच्याकडं नाही. "डोळ्याला डोळा न्हाई लागला लेकराचा. माझ्या अंगावर आली तव्हाच गप बसली, वहिनी. शपथेवर सांगतो."

"मीही शपथेवर सांगतो. आणि सू वगैरे मी बघितलंय, कोरडी आहे."

"कोरडीच हाय. मी बी बघितलंय."

इतक्या महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मी दोघांचंही ऐकून घेतलं. मग भार्गवीला जवळ घेतलं आणि तिचा लंगोट चाचपून पाहिला.

ओलाचिंब. दुपारपासूनचा होता.